मॅक ५ च्या विमानात माणसाचं काय होतं? जळगाव–मुंबईचा हिशेब मांडून

जळगावच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने विचारलंय: ‘डीआरडीओच्या स्क्रॅमजेट चाचण्यांच्या बातम्या वाचतो. उद्या मॅक ५ चं प्रवासी विमान आलं तर जळगाव–मुंबई चार मिनिटांत होईल का? एवढ्या वेगात माणसाचं शरीर टिकेल का? आणि धाकट्या भावाला एनडीएतून फायटर पायलट व्हायचंय, तर जी सहन करण्याची तयारी घरी करता येते का?’

मॅक ५ म्हणजे आवाजाच्या पाचपट वेग, स्क्रॅमजेट म्हणजे असल्या वेगात बाहेरची हवा आत घेऊन चालणारं इंजिन, आणि ‘जी’ म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला अंगावरचा भार. आधी वेगाचं भूत उतरवू. शरीराला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे अख्खं खान्देश या क्षणी ताशी साधारण साडेपंधराशे किलोमीटरने पूर्वेकडे चाललंय, पण कुणाच्या हातातला चहा सांडत नाही. अंतराळ स्थानकातले लोक ताशी जवळपास २८,००० किमी वेगाने फिरतात आणि त्यांना वजनच जाणवत नाही. उलट सारंगखेड्यासारख्या मोठ्या यात्रेत ‘मौत का कुआँ’ लागतो, तिथला मोटारसायकलवाला घ्या. कुव्याची त्रिज्या साडेचार मीटर आणि वेग ताशी ४० किमी धरला, तर त्याच्या अंगावर जवळजवळ ३ जी येतात, म्हणजे ६० किलोचा माणूस १८० किलोचा होतो. गाडी ताशी ४० ने, आणि भार रॉकेटमधल्या माणसाएवढा.

हायपरसॉनिक, म्हणजे मॅक ५ च्या वरचा वेग माणसाला नवाही नाही. १२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन कक्षेतून परतला, तेव्हा वातावरणात शिरताना त्याचा वेग मॅक २५ च्या घरात होता. १९८४ मध्ये राकेश शर्मा सोयुझ या अंतराळयानातून असेच उतरले. पंखांच्या विमानाचं उदाहरण हवं तर अमेरिकेचं रॉकेट इंजिनावरचं एक्स-१५ आहे. ३ ऑक्टोबर १९६७ ला पीट नाइटने ते मॅक ६.७ पर्यंत, म्हणजे ताशी सुमारे ७,२७० किमी वेगाने नेलं. या सगळ्यांना त्रास झाला तो वेग चढताना, उतरताना किंवा दिशा बदलताना.

आता जळगाव–मुंबई. सरळ रेषेत अंतर साधारण साडेतीनशे किमी. ३० किमी उंचीवर मॅक ५ म्हणजे सेकंदाला दीड किलोमीटर, ताशी सुमारे ५,४०० किमी. भागाकार केला की चार मिनिटं येतात, पण त्यात चढणं-उतरणं धरलेलंच नाही. आजचं प्रवासी विमान धावपट्टीवर धावताना पाठ सीटला टेकते, तो धक्का ०.२ ते ०.३ जीचा असतो. तेवढाच सलग ठेवला (०.३ जी), तर मॅक ५ गाठायला साडेआठ मिनिटं लागतात आणि तेवढ्यात विमान ३८५ किमी पुढे गेलेलं असतं. म्हणजे वेग पूर्ण होण्याआधीच मुंबई मागे पडून आपण समुद्रावर. १ जी लावला तर अडीच मिनिटं आणि ११६ किमी, थांबायलाही तेवढेच. मग मधे पूर्ण वेगाचे जेमतेम १२० किमी उरतात, आणि बाकी सगळी वाट प्रवासी एकतर सीटमध्ये दाबलेले, नाहीतर पट्ट्यांना लटकलेले. ३ जीला ५१ सेकंद आणि ३९ किमी पुरतात, पण तिथे तिकीट काढून बसलेल्या आजोबांना आडवं झोपवून पट्ट्यांनी बांधावं लागेल. असलं विमान मुंबई–न्यूयॉर्कसारख्या अंतरालाच परवडेल. जळगावकरांनी विदर्भ एक्स्प्रेसच धरावी.

शरीराचा खरा प्रश्न दिशेपासून सुरू होतो. ५ जी हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. भार डोक्याकडून पायाकडे आहे, पायाकडून डोक्याकडे आहे की छातीतून पाठीकडे, आणि किती वेळ आहे, हे कळलं तरच त्याला अर्थ.

डोक्याकडून पायाकडे येणारा भार सगळ्यात जास्त छळतो, कारण रक्ताचा स्तंभ त्याच दिशेत उभा असतो. हृदय ते डोळा हे अंतर बसलेल्या माणसात साधारण ३० सेंटीमीटर. एवढ्या रक्ताच्या उंचीला १ जीमध्ये सुमारे २३ मिमी पारा दाब खर्च होतो. हृदयापाशी सरासरी दाब ९५ धरला, तर डोळ्यापाशी एरवीही बहात्तरच पोचतो. ३ जीला तिथे पंचवीस उरतो, ४ जीला जवळजवळ शून्य. विहिरीवरच्या मोटारीचं हेड जसं ठरलेलं असतं आणि पाइप त्याहून उंच नेला की मोटार फिरते पण पाणी पडत नाही, तसंच हे. हृदय धडधडत राहतं, रक्त वर चढत नाही.

आधी डोळे जातात, मेंदू नंतर, कारण नेत्रगोलाच्या आतच १५ ते २० मिमी दाब असतो आणि पडद्याला रक्त मिळण्यासाठी तो ओलांडावा लागतो. म्हणून ३ ते ४ जीच्या दरम्यान रंग फिके पडतात, कडेचं दिसेनासं होतं, नळीतून पाहिल्यासारखं वाटतं. हा ग्रे-आउट. आणखी एखादा जी वाढला की पूर्ण अंधार, पण माणूस शुद्धीत असतो, ऐकू येतं, हात चालतात. हा ब्लॅकआउट. त्याच्याही पुढे शुद्ध जाते, तिला जी-लॉक म्हणतात. सैल बसलेल्या, काहीच न करणाऱ्या निरोगी माणसात हे साडेचार ते साडेपाच जीला घडतं.

हा क्रम पाळला जाईलच असं मात्र नाही, आणि पायलट मरतात ते इथेच. मेंदूत ४ ते ६ सेकंद पुरेल एवढाच प्राणवायू शिल्लक असतो. मानेतल्या रोहिणीतले दाब मोजणारे संवेदक दाब पडल्याचं ओळखून रक्तवाहिन्या आवळतात आणि नाडी वाढवतात, पण त्याला ६ ते १० सेकंद लागतात. भार हळूहळू चढला तर शरीराला सावरायला वेळ मिळतो आणि डोळे आधी इशारा देतात. आधुनिक फायटर एका सेकंदात ५-६ जी चढवतं. मग शिल्लक प्राणवायू संपेपर्यंत सगळं ठीक वाटतं आणि ग्रे-आउट न होता माणूस थेट बेशुद्ध होतो. बेशुद्धी साधारण १२ सेकंदांची, त्यानंतर तेवढाच वेळ गोंधळाचा. हातपाय झटके देतात, आपण कुठे आहोत ते समजत नाही, आणि बऱ्याच जणांना बेशुद्ध पडल्याचं आठवतही नाही. दोन्ही मिळून पंचवीस सेकंद धरा. मॅक ५ ला तेवढ्यात ३७ किमी जातात, म्हणजे धुळ्यावर शुद्ध गेली तर ताळ्यावर येईपर्यंत अमळनेर मागे पडलेलं.

आणखी एक सापळा असतो. विमानाचं नाक वर-खाली करणारी काठी पुढे ढकलून आधी शून्य किंवा उणे जी घेतला आणि लगेच जोरात ओढली, तर डोक्याकडे रक्त गेल्यामुळे शरीराने वाहिन्या सैल सोडलेल्या आणि नाडी उतरवलेली असते. मग एरवी ७ जी सहज काढणारा ४-५ जीला पडतो. उलटा भार, म्हणजे पायाकडून डोक्याकडे येणारा, उणे २ ते ३ जीच्या पुढे झेपत नाही. चेहरा तटतटतो, डोळ्यात रक्त उतरतं आणि नाडी धोकादायक मंद होते. त्यावर कुठला पोशाखही नाही आणि युक्तीही नाही.

मग ९ जी कसे काढतात? तीन गोष्टींची बेरीज करून. पहिली, जी-सूट नावाचा पोशाख. पोट, मांड्या आणि पोटऱ्यांवर हवेच्या पिशव्या असतात, त्या भार वाढला की आपोआप फुगून रक्त खाली साचू देत नाहीत. यातून १ ते दीड जीची भर पडते. सूट सैल बांधला, किंवा त्याची नळी विमानाला नीट जोडली गेली नाही, तर ती भर शून्य. म्हणून नळी ओढून पाहणं तपासणीच्या यादीत असतं. दुसरी, मागे कललेली सीट. एफ-१६ मध्ये ती ३० अंश कललेली असते, त्यामुळे हृदय ते डोळा ही उभी उंची थोडी घटते. तिसरी आणि सगळ्यात मोठी, शरीर आवळून श्वास कोंडण्याची युक्ती. तिच्यातून तीन-साडेतीन जी मिळतात.

ही युक्ती तपशिलाने सांगतो, कारण व्हिडिओ पाहून लोक फक्त तोंडाने काढलेला आवाज उचलतात. भार येण्याच्या आधी, नंतर नाही, टाचा पेडलवर रोवून पोटऱ्या, मांड्या, नितंब दगडासारखे आवळायचे, मग पोट. फुप्फुस तीन-चतुर्थांश भरेल एवढा श्वास घ्यायचा, घसा पूर्ण बंद करायचा आणि बंद घशावर छाती दाबायची. तीन सेकंद. मग एका सेकंदाच्या आत थोडी हवा सोडून लगेच परत भरायची आणि पुन्हा तीन सेकंद. तीनच सेकंद का? छातीत दाब वाढला की हृदय रक्त जोराने वर फेकतं खरं, पण त्याच दाबाने हृदयाकडे परत येणारं रक्तही अडतं. पाच-सहा सेकंद कोंडून धरलं तर पंपाला उपसायलाच काही उरत नाही. श्वास बदलायला दोन सेकंद लावले तर तेवढ्यात डोक्यातला दाब कोसळतो. पाय मात्र या सगळ्या काळात एक क्षणही सैल सोडायचे नाहीत.

चुकांचे प्रकार ठरलेले आहेत. भार आल्यावर सुरुवात करणं. चेहरा आणि मान आवळणं पण पाय मोकळे. रेडिओवर बोलायला घसा उघडणं. आणि वळण संपत आलं म्हणून अर्धा सेकंद आधी सोडून देणं. भार सहा-सात जीवर रेंगाळत असताना दमून पाय सुटतात, तिथे बरेच जण जातात. बंगळूरच्या वायुसेनेच्या एरोस्पेस मेडिसिन इन्स्टिट्यूटमध्ये माणसांसाठीचं सेंट्रिफ्यूज आहे. लांब हाताच्या टोकाला बसवलेल्या केबिनमध्ये पायलटला गरगर फिरवून या चुका जमिनीवरच पकडल्या जातात. अनेक देशांत फायटर पायलटसाठी ९ जी १५ सेकंद टिकवणं ही कसोटी धरतात. १५ सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण तेवढ्यात डोकं आणि हेल्मेट मिळून साडेसहा किलोचे साठ किलो होतात आणि हाताच्या कातडीखाली रक्ताचे बारीक लाल ठिपके उमटतात.

आता हे हायपरसॉनिक वेगाला जोडून पाहा, कारण तिथे गणित पार बदलतं. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ९०० किमीचं फायटर ९ जीला सातशे मीटर त्रिज्येत वळतं आणि तोंड फिरवायला, म्हणजे अर्धवर्तुळाला, नऊ सेकंद लागतात. मॅक ५ ला त्याच ९ जीची त्रिज्या २६ किमी होते आणि अर्धवर्तुळाला ५४ सेकंद लागतात. चोपन्न सेकंद ९ जी बसून कुणी काढत नाही. भार तेवढाच, पण वेळ सहापट. आणि शरीर हरतं ते वेळेपुढे. प्रवाशांना बसवून फार तर २ जीचं वळण देता येईल. त्याची त्रिज्या १३४ किमी. नंदुरबारवरून उत्तरेकडे जाताना उजवीकडे वळायला सुरुवात केली, तर सातपुडा ओलांडून विमान महूच्या जवळून जाईल आणि दक्षिणेकडे तोंड होईपर्यंत मेळघाट आलेला असेल. या पावणेपाच मिनिटांत प्रत्येक जण आपल्या दुप्पट वजनाचा. मॅक ५ च्या विमानाने क्षेपणास्त्र चुकवायला गिरक्या घेतल्याची चित्रं दिसतात, ती म्हणूनच निव्वळ करमणूक समजावी.

आडवं झोपून छातीतून पाठीकडे भार घेतला की चित्र पुष्कळ सुधारतं. रक्ताचा स्तंभ लहान होतो, मेंदूला पुरवठा राहतो आणि १२ ते १५ जीदेखील थोडा वेळ निभावतात. इथे मर्यादा श्वासाची. ६ जीला छाती उचलणं जड जातं आणि पोटाने श्वास घ्यावा लागतो, ८-१० ला बोलणं तुटक होतं, त्यापुढे श्वास आत ओढणंच अशक्य होत जातं. शिवाय रक्त फुप्फुसाच्या पाठीकडच्या भागात आणि हवा पुढच्या भागात अशी फारकत होते, म्हणून श्वास चालू असूनही रक्तातला प्राणवायू उतरतो. सोयुझ नेहमीसारखं उतरताना ४-५ जी देतं. उतार बिघडून तोफगोळ्यासारखं कोसळलं तर ८-९. एप्रिल २००८ मध्ये असं झालं आणि तिघेही वाचले. ५ एप्रिल १९७५ च्या फसलेल्या उड्डाणात सोयुझमधल्या लाझारेव आणि माकारोव या अंतराळवीरांनी क्षणभर २१ जीपेक्षा जास्त सोसले. एक्स-१५ चं इंजिन ऐंशी-नव्वद सेकंद जळायचं आणि इंधन संपून विमान हलकं होत गेलं की भार ४ जीपर्यंत चढायचा, तोही छातीतून पाठीकडेच. त्या पायलटांची नाडी १४५ ते १८५ असायची. त्यातली किती भाराने आणि किती जबाबदारीने, हे वेगळं काढणं अवघड.

सोयुझच्या सीटमध्ये प्रत्येक प्रवाशाच्या पाठीचा प्लास्टरचा साचा घेऊन अस्तर बनवतात. हे लाड नव्हेत. पाठ आणि सीट यांच्यात पोकळी राहिली, किंवा मऊ गादी घातली, तर धक्क्याच्या वेळी सीट आधी वेग घेते आणि शरीर मागून येऊन तिच्यावर आदळते; मोजलेल्या भारापेक्षा जास्त भार कण्याला बसतो. संकटात पायलटला विमानाबाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटवर स्वतःच्या मनाने फोमची उशी ठेवायची नाही, त्यामागेही हेच कारण.

अगदी थोड्या वेळाच्या धक्क्यांचा हिशेब निराळा. सेकंदाच्या काही भागात रक्त सरकायलाच वेळ मिळत नाही, तिथे प्रश्न हाडं, अस्थिबंध आणि अवयव लोंबकळण्याचा असतो. १० डिसेंबर १९५४ ला अमेरिकन हवाई दलाचा डॉक्टर जॉन स्टॅप रॉकेटच्या गाड्यावर ताशी १,०१७ किमीवरून १.४ सेकंदात थांबला. कमाल ४६.२ जी बसले, डोळ्यांत रक्त उतरून काही वेळ दिसेना, पण तो ८९ वर्षांचा होऊन वारला. तोच माणूस सीटवर सैल बसून ५ जी दहा सेकंद सोसू शकला नसता. इजेक्शनमध्ये १२ ते २० जी अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ येतात. मान झुकलेली किंवा कंबर वाकलेली असेल तर छातीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका चेपतो. म्हणून हँडल ओढण्याआधी डोकं मागे टेकवणं आणि कणा ताठ करणं पाठ करून घेतात.

हायपरसॉनिकमध्ये माणूस मरतो तो बहुतेक बिघाडातून. इंजिनात शिरणारा हवेचा प्रवाह अचानक कोलमडला की ओढ एका क्षणात जाते. १३ जून २०११ ला अमेरिकेच्या एक्स-५१ या मानवरहित स्क्रॅमजेट यानाचं दुसरं उड्डाण याच कारणाने वाया गेलं. माणूस असलेल्या विमानात हे झालं तर काय होतं, ते २५ जानेवारी १९६६ ला मॅक ३.१८ वर उडणाऱ्या एसआर-७१ या अमेरिकन टेहळणी विमानाने दाखवलं. वळणात एका बाजूचं इंजिन असं पडलं, विमान भिरभिरलं आणि तुकडे झाले. पायलट बिल वीव्हर इजेक्ट न करता बाहेर फेकला गेला आणि फुगलेल्या प्रेशर सूटमुळे, म्हणजे अंगाभोवती हवेचा दाब राखणाऱ्या पोशाखामुळे वाचला. मागच्या सीटवरचा जिम झ्वेयर मान मोडून गेला. १५ नोव्हेंबर १९६७ ला मायकेल अ‍ॅडम्सचं एक्स-१५ मॅक ५ च्या आसपास फिरकीत सापडलं आणि पुढे सुमारे १५ जीच्या हेलकाव्यांत फुटलं. तिथे विजेचा बिघाड, मापकाचं चुकीचं वाचन आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाने दिलेला चकवा, असं सगळं एकत्र आलं.

प्रेशर सूट का, तर साधारण १९ किमीच्या वर हवेचा दाब इतका उतरतो की ३७ अंशांना अंगातलं पाणी उकळायला लागतं. ३० किमीवर केबिन फुटली तर शुद्ध दहा-बारा सेकंद राहते. बाहेर पडणाऱ्याला वाऱ्याचा मार मात्र वाटतो तितका नाही. त्या उंचीला हवा इतकी विरळ असते की मॅक ५ चा दाब समुद्रसपाटीवरच्या ताशी साडेसहाशे किमीएवढाच भरतो. खरा शत्रू उष्णता. समोरून थांबणारी हवा हजार अंश सेल्सिअसच्या पुढे तापते. एक्स-१५ ची इजेक्शन सीटही मॅक ४ पर्यंतच बेतलेली होती. म्हणूनच डीआरडीओच्या ७ सप्टेंबर २०२० च्या स्क्रॅमजेट चाचणीत, जिथे इंजिन वीस-बावीस सेकंद चाललं, माणसाचा प्रश्नच नव्हता. क्षेपणास्त्राला मणका नसतो.

आता भावाबद्दल. जी सहन करण्याची ताकद पाय, नितंब, पोट आणि मान यांच्या स्नायूंत असते. बैठका, वजन घेऊन स्क्वॉट, प्लँक आठवड्यातून तीनदा पुरे. धावणं हवं, पण मॅरेथॉनची तयारी नको. फार लांब पल्ल्याच्या सरावाने विश्रांतीची नाडी आणि दाब इतके उतरतात की अचानक भाराला शरीर मंद प्रतिसाद देतं. उंच माणसात हृदय ते डोळा अंतर थोडं जास्त असल्याने किंचित तोटा असतो, पण तो युक्तीने भरून निघतो, त्याची काळजी करू नये. पाण्याकडे मात्र खरंच लक्ष द्यावं. जळगाव-भुसावळचा मे महिना ४४-४५ अंशांचा. मैदानावरून येऊन शरीराच्या वजनाच्या २-३ टक्के पाणी गेलेलं असलं, म्हणजे साठ किलोच्या पोराचं दीड लिटर, तर रक्ताचं आकारमानच घटतं आणि भार सोसण्याची वेळ चांगलीच खाली येते. व्यायामाआधी आणि नंतर वजन करावं. जेवढं घटलं तेवढं पाणी आणि चिमूटभर मीठ परत घालावं. उपाशी पोटी, रात्रभर जागून किंवा तापातून उठल्यावर दोन दिवसांत असा व्यायाम करू नये.

श्वास कोंडण्याची युक्ती घरी, विशेषतः उभं राहून किंवा खांद्यावर बारबेल असताना, करून पाहू देऊ नका. चुकीच्या पद्धतीने कोंडलं तर वर सांगितल्याप्रमाणे हृदयाला परतणारं रक्त अडतं आणि माणूस भोवळ येऊन पडतो. ती पुढे प्रशिक्षक समोर बसवून शिकवतात. मानेचा व्यायाम आज सुरू करता येईल: तळहात कपाळावर, मग डोक्याच्या मागे, मग दोन्ही बाजूंना टेकवून डोकं न हलवता दहा सेकंद विरोध द्यायचा, प्रत्येक दिशेला पाच वेळा, श्वास मोकळा ठेवून. मानेला झटके देणं आणि डोक्यावर उभं राहणं टाळावं. वैमानिक निवडीच्या वैद्यकीय तपासणीत पाठीच्या कण्याचा एक्स-रे काढतात, त्यामुळे पाठ आधी कधी दुखावली असेल तर ते लपवण्यापेक्षा आत्ताच अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवून घ्या.